समुद्राकडे पाठ

मी नकाशा घेऊन गेले होते,
दोन मीटर लांब, सोडला की पुन्हा आपोआप गुंडाळणारा,
आणि टिकल्यांची पाकिटं.
आवडतं तिथं हिरवी टिकली.
दुखतं तिथं लाल.
नगरपालिकेनं पढवून पाठवलं होतं:
विचारा. ऐका. लिहून घ्या.

वाल्पाराईसोच्या त्या टेकडीवर
रुळांवरून चढणारा पाळणा अकरा वर्षं बंद आहे.
पायऱ्या तीनशे बारा. मोजाव्याच लागतात,
कारण दर वळणावर कुणीतरी दम खात
वरच्याला किंवा खालच्याला विचारतं:
कितवी?

मंडळाच्या खोलीत सतरा माणसं,
चार कुत्री, एक किटली.
दोन एर्मोहेनेसनी नकाशा आधी चष्म्याशिवाय पाहिला,
मग चष्म्यातून,
आणि म्हणाले, ह्यात माझं घर नाही.
खरंच नव्हतं. तिथं नुसता हिरवा पट्टा,
'उतार, वस्ती नाही.'
त्यांनी खिशातलं पेन काढलं,
उतारावर एक चौकोन काढला,
चौकोनाला दार,
दाराला कडी.
मग रांगच लागली.

यास्ना, रात्रपाळीची नर्स,
तिनं लाल टिकल्यांचं अख्खं पाकीट
एकाच पायरीवर रिकामं केलं:
एकशे चाळिसावी. दिवा नाही तिथं.
विल्गेन्स हैतीहून आलेला, पाठीवर गॅस वाहतो.
त्यानं एकच हिरवी घेतली,
बराच वेळ बोटावर धरून बसला,
आणि जाताना स्वतःच्या शर्टाला लावून गेला.
ती अहवालात कुठं मांडायची
मला अजून सुचलेलं नाही.
नोल्बेर्तो कशाला हातच लावेना.
"मागच्या वेळीही आणल्या होत्या," म्हणाला,
"तेव्हा चांदण्या होत्या, आता गोल आहेत."

आठ महिन्यांनी आलं ते एक बाक.
पाळणा नाही, दिवा नाही,
बाक. ओतीव लोखंडाचं, देखणं,
पाठीवर नगरपालिकेचा शिक्का,
तोंड समुद्राकडे.
फीत कापली. फोटोत डावीकडून तिसरी मी.
खाली बंदर, पोस्टकार्डासारखं निळं,
आणि आम्ही उतरल्यावर बाकावर कुणी नाही.

पुढच्या मंगळवारी गेले
तर बाक फिरवलेलं.
बोल्ट काढून, जुनं सिमेंट फोडून,
नवं ओतून,
समुद्राकडे पाठ,
पायऱ्यांकडे तोंड.
सिमेंटमध्ये कुत्र्याचं एक पाऊल, स्पष्ट.

हे नियमात बसत नाही, मी म्हणाले,
आणि माझा आवाज मलाच उसना वाटला.
एर्मेलिंदा बाकावर मटार सोलत होती.
"समुद्र काय पळून जातोय?
सत्तर वर्षं बघतेय, आहे तिथंच आहे.
कोण चढतंय, कुणाच्या हातात किती ओझं,
कुणाचा पाय दुखतोय,
आज कोण आलंच नाही,
ह्यासाठी बसायचं असतं, पोरी."

आणि बसल्यावरच लक्षात आलं म्हणे,
की पहाटे यास्ना येते ती
एकशे चाळिसाव्या पायरीवर दिसेनाशी होते.
आता तिथं बल्ब आहे.
वायर निघते नोल्बेर्तोच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून.
बिल कोण भरतं, असं विचारलं
की सगळे कुत्र्याकडे बघतात.

माझ्या फॉर्मवर एक रकाना आहे:
रहिवाशांचा सहभाग. होय किंवा नाही.
पेनचं टोपण काढून मी नुसतीच उभी.
एर्मेलिंदा न बघता थोडी सरकली,
मटारचं पातेलं आमच्या दोघींच्या मधे ठेवलं.
मी बसले. सोलायला लागले.

खालून विल्गेन्स येत होता,
पाठीवर सिलिंडर, मान खाली.
"कितवी?" मी वरून ओरडले.
तो थांबला, कपाळ पुसलं,
वर बघून हसला:
"मोजू नका हो,
आधण ठेवा!"